फोन घरी आला, चार्जर दुकानातच राहिला

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. बिल झालेलं असतं, जुन्या फोनमधले फोटो नव्यात गेलेले असतात, काचेवर टेम्पर्ड ग्लास बसलेली असते. मग काउंटरवरचा मुलगा विचारतो, "काका, चार्जर देऊ ना?" काका चमकतात. "म्हणजे? आत नाहीये?" "नाही काका, आत फक्त केबल." मग समोर तीन डबे मांडले जातात: कंपनीचा दीड हजाराचा, दुसऱ्या नावाजलेल्या ब्रँडचा सातशेचा आणि नावही धड न वाचता येणारा अडीचशेचा. काका म्हणतात, "राहू दे, घरी आहेत चार-पाच." घरी येऊन बघतात तर डब्यातल्या केबलची दोन्ही टोकं सारखीच, बारीक आणि लंबगोल. घरातल्या सगळ्या चार्जरचं भोक मात्र रुंद आणि चौकोनी.

पूर्वी कोणत्या फोनला कोणता चार्जर आणि कोणती केबल, ही जुळवाजुळव कंपनीच करून द्यायची. चार्जर डब्यातून गेला तसं हे कामही आपल्या अंगावर आलं, आणि ते कसं करायचं हे कुणी सांगितलं नाही. तेवढंच इथे समजून घेऊ.

चार्जर गेला कधी आणि का?

ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ चार्जरशिवाय आणला आणि आयफोन ११, एक्सआर, एसई या आधीच्या मॉडेलच्या डब्यांतूनही तो काढून टाकला. कारण पर्यावरणाचं दिलं. ॲपलचे दोन अब्जांहून जास्त चार्जर आधीच जगात आहेत आणि डबा लहान झाला की एका पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर, ७० टक्के जास्त डबे बसतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२१ च्या डब्यातून चार्जर काढला, पुढे मधल्या किमतीच्या फोनमधूनही. गुगलचा पिक्सेल ६ आणि नथिंगचा पहिला फोन त्याच वाटेने गेले. काही कंपन्या अजून चार्जर देतात, पण एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये असतो आणि दुसऱ्यात नसतो. त्यामुळे डब्याच्या मागची 'आत काय आहे' ही यादी पैसे देण्याआधी वाचायची.

ॲपलच्या युक्तिवादात एक मेख होती. ते जे कोट्यवधी जुने चार्जर, त्यातले बहुतेक रुंद तोंडाचे. नव्या डब्यातल्या केबलचं टोक मात्र बारीक, टाइप-सी. म्हणजे 'तुमच्याकडे आहेच' म्हणून जो चार्जर काढला, त्यात डब्यातली केबल बसतच नव्हती. जुनी केबल आणि जुना चार्जर ही जोडी चालायची, पण ५ वॅटच्या गोगलगाय वेगाने.

व्होल्ट, अँपिअर, वॅट: सोसायटीच्या टाकीचं गणित

तीन शब्द एकदाच समजून घ्या, पुढे तेच लागतील. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका तळमजल्याच्या नळाला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. नळातून प्रत्यक्ष वाहणारी धार किती जाड, ते अँपिअर. आणि बादली किती वेगाने भरते, ते वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट.

जुन्या आयफोनचा छोटा चार्जर ५ व्होल्ट, १ अँपिअर, म्हणजे ५ वॅटचा. बरेच जुने अँड्रॉइड चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॅटचे. आजच्या २० वॅटच्या चार्जरवर साधारण ९ व्होल्ट आणि २.२२ अँपिअर छापलेलं असतं.

आता बादली केवढी ते बघू. हल्लीच्या अँड्रॉइड फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास, १९ वॅटने तासभर भरावी एवढी. ५ वॅटच्या चार्जरने ती भरायला, वाटेत वाया जाणारी वीज धरून, पाच तासांच्या आसपास लागतात. १० वॅटने अडीच ते तीन. २५ वॅटने सव्वा तासाच्या जवळपास. पाऊण तासात का नाही? कारण बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की फोन स्वतःच धार बारीक करतो. बादली काठोकाठ आली की आपण नळ बारीक करतो, तसंच.

म्हणजे रात्री लावून सकाळी काढणाऱ्याला जुना १० वॅटचा चार्जर अजूनही पुरतो. ऐरोलीहून अंधेरीला जाणारा, सकाळी उठल्यावर १२ टक्के बॅटरी बघून दचकणारा माणूस मात्र वॅट मोजणारच.

चार्जर आणि फोनची 'यादी पे शादी'

पूर्वीचा चार्जर मुका होता. ५ व्होल्ट सोडायचा, बस. आताचा चार्जर फोनशी बोलतो, आणि ही बोलणी लग्नाच्या यादीसारखी असतात.

सी पोर्टच्या, म्हणजे बारीक तोंडाच्या, चार्जरला दोन्ही टोकं टाइप-सी असलेली सी-टू-सी केबल लावली तरी फोन जोडेपर्यंत त्याच्या तोंडाशी वीज नसते. समोर फोन आहे याची खात्री पटली की तो आधी ५ व्होल्ट देतो आणि मग आपली यादी पुढे करतो: "माझ्याकडे ५ व्होल्ट ३ अँपिअर आहे, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर आहे. काय देऊ?" फोन त्यातलं आपल्याला झेपेल ते निवडतो, चार्जर होकार देतो आणि तेवढी वीज सुरू होते. काही जमलं नाही तर दोघं ५ व्होल्टवर समाधान मानतात. फोन चार्ज होतो, पण रडतखडत. ही बोलणी ज्या सर्वमान्य भाषेत होतात, तिचं नाव पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी. या भाषेत ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे नेहमीचे टप्पे आहेत.

पीडीचीच पुढची पायरी पीपीएस. यात टप्पे नसतात. फोन दर थोड्या वेळाने "आता जरा वाढव, आता जरा कमी कर" असं सांगतो आणि चार्जर व्होल्ट अगदी थोडेथोडे हलवतो. त्यामुळे फोन कमी तापतो. सॅमसंगचं २५ वॅटचं 'सुपर फास्ट' चार्जिंग या पीपीएसवरच चालतं. म्हणूनच ॲपलचा २० वॅटचा चार्जर सॅमसंगला लावला की 'सुपर फास्ट' उमटत नाही, फोन सुमारे १५ वॅटच घेतो. यात बिघाड काही नाही, चार्जरच्या यादीत पीपीएस नाही एवढंच.

काही घराण्यांची बोली मात्र स्वतःची आहे. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लस यांची सुपरवूक त्यातलीच, शाओमी आणि विवोचेही आपापले प्रकार आहेत. ८० वॅटचा सुपरवूक चार्जर आणि त्याच घराण्याची जाड केबल असेल तर फोन अर्ध्या-पाऊण तासात भरतो. तोच चार्जर आयफोनला लावला तर? बहुतेकदा ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. "८० वॅटचा आहे हो, तरी हळू का?" या प्रश्नाचं उत्तर इतकंच. उलट बाजूनेही तेच: रिअलमीचा फोन साध्या पीडी चार्जरवर लावला तर मॉडेलनुसार १० ते १८ वॅटवर येतो, काही नवे मॉडेल त्याहून जास्तही घेतात. त्यामुळे या घराण्यातला जुना चार्जर चालू स्थितीत असेल तर तो जपून ठेवा. फोन बदलताना घराणं बदललंत, तरच नवा घ्यायची वेळ येते.

जुना चालेल का? आधी त्याचं लेबल वाचा

चार्जरच्या पोटावर सगळं छापलेलं असतं, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या टायपात आणि राखाडीवर राखाडी. फोनने फोटो काढून मोठा करून बघा. तिथे 'इनपुट' आणि 'आउटपुट' अशा दोन ओळी सापडतील.

इनपुटला १०० ते २४० व्होल्ट असलं की तो चार्जर जगात कुठेही चालतो. अमेरिकेहून भाच्याने आणलेला चपट्या पिनांचा चार्जरही आपल्या २३० व्होल्टवर बिनधास्त चालेल. अडचण पिनांची. चपट्या पिनांना जोडपिन लागते. युरोपच्या गोल पिना आपल्याकडच्यांपेक्षा बारीक असल्याने आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात. सैल पिन म्हणजे ठिणगी, ठिणगी म्हणजे उष्णता, आणि काही महिन्यांनी सॉकेटच्या कडेला पिवळसर डाग. तो डाग दिसला की चार्जर बदलून भागत नाही, सॉकेटही बदला.

आउटपुटला किती जोड्या छापल्यात ते बघा. नुसतं ५ व्होल्ट २ अँपिअर असेल तर तो १० वॅटचा मुका चार्जर. ५, ९, १५ अशा जोड्या आणि सोबत 'पीडी' असेल तर यादीवाला. 'पीपीएस' लिहून पुढे ३.३ ते ११ व्होल्ट असा पट्टा दिला असेल तर सॅमसंगवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा. सुपरवूकसारख्या चार्जरवर दोन ओळी असतील तर पहिली, म्हणजे ५ व्होल्टवाली, परक्या फोनला बहुतेकदा काय मिळेल ते सांगते.

आणि जुन्या चार्जरचं तोंड रुंद असेल, नवी केबल सी-टू-सी असेल, तर हजार रुपये घालण्याआधी शंभर-दोनशेची चांगली रुंद-ते-सी केबल घेऊन बघा. रात्रभर चार्ज करणाऱ्याचं काम तेवढ्यात होतं. हे दुकानदार सहसा सांगत नाही. केबलवर त्याला सुटतं तरी काय?

"लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला तर फोन जळेल ना?"

नाही जळणार. पंगतीत वाढणारा लाडवांचं अख्खं ताट घेऊन समोर उभा राहिला तरी जेवणारा दोनच घेतो. किती वीज घ्यायची ते फोन ठरवतो. ६५ वॅट ही चार्जरची कुवत झाली, ती फोनच्या गळी उतरवली जात नाही. टाइप-सीचा, पीडीचा, धड कंपनीचा लॅपटॉप चार्जर फोनला बिनदिक्कत लावा. गोल पिनेचे जुने लॅपटॉप चार्जर आणि वायफाय राउटरचे १२ व्होल्टचे चार्जर ही वेगळी जात. ते कुणाशी बोलत नाहीत, थेट व्होल्ट ओततात. गोल पिनेला सी टोक जोडणारे स्वस्त तुकडे बाजारात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बॅटरीला खरा त्रास होतो तो उष्णतेचा. मे महिन्यात उशीखाली फोन ठेवून रात्रभर चार्ज करणं किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात चार्ज करणं हे ६५ वॅटच्या चार्जरपेक्षा कितीतरी वाईट. बहुतेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करून टाका.

वॉरंटीचं म्हणाल तर दुसऱ्या ब्रँडचा प्रमाणित चार्जर वापरला एवढ्यावरून ती जात नाही. पण चार्जरमुळेच फोन बिघडला असं निघालं तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून चार्जरचंही बिल ठेवा. सुट्या वस्तूंची वॉरंटी अनेक कंपन्या सहाच महिन्यांची देतात, हेही ध्यानात असू द्या.

केबल: दिसायला सारखी, पोटात वेगळी

सगळ्या सी-टू-सी केबल एकसारख्या दिसतात आणि घोळ तिथेच होतो. साधी केबल ३ अँपिअरपर्यंत वाहते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या टोकात एक छोटी चिप लागते, जी "मला झेपेल" असं चार्जरला सांगते. अशा केबलवर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं. सॅमसंगच्या ४५ वॅटसाठीही ही ५ अँपिअरवाली केबल लागते. महागडा चार्जर घेऊन साधी केबल लावणारे पुष्कळ असतात आणि मग चार्जरला शिव्या घालतात.

रुंद-ते-सी केबलच्या आत ५६ किलोओमचा एक रोधक, म्हणजे विजेला अडवणारा छोटा रेझिस्टर, असायला हवा. "माझ्या मागे साधा जुना चार्जर आहे, जपून घे" असं फोनला सांगणं हे त्याचं काम. टाइप-सी नवं होतं तेव्हा अनेक स्वस्त केबलींत चुकीचा, १० किलोओमचा रोधक सापडला होता. तसा असला की फोन चार्जरला झेपेल त्याहून जास्त वीज ओढतो आणि चार्जर किंवा लॅपटॉपचा पोर्ट तापतो, कधी बसतोही.

लांबीचंही बघा. बारीक तारेच्या तीन मीटर केबलीत वाटेतच व्होल्ट गळतात. केबलचा रोध ०.३ ओम असेल आणि २ अँपिअर वाहत असतील तर ५ पैकी ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. पलंगापर्यंत पोचायचं म्हणून लांब केबल घेणाऱ्यांनी निदान जाड तरी घ्यावी. ठाणे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. त्या चार्ज करतात, पण लॅपटॉपवर फोटो उतरवत नाहीत.

ट्रिमर मेलेला नाही

घरात नवा सी चार्जर आणि सी-टू-सी केबल आली की आठवड्याभरात एक तक्रार येते: फोन चार्ज होतो, पण ट्रिमर, टॉर्च, छोटा स्पीकर किंवा पोराचं खेळणं चार्ज होत नाही. त्यांनाही सी तोंडच आहे, मग का?

सी चार्जर खात्री पटल्याशिवाय वीज सोडत नाही, हे वर आलंच. ती खात्री तो उपकरणाच्या तोंडातल्या ५.१ किलोओमच्या दोन रोधकांवरून करून घेतो. स्वस्त वस्तू बनवणारे काही पैसे वाचवायला ते गाळतात. रुंद तोंडाच्या चार्जरला फरक पडत नाही, कारण तो न विचारता ५ व्होल्ट सोडतो. सी चार्जर मात्र वाट बघत बसतो. अशा वस्तूसाठी एक रुंद तोंडाचा जुना चार्जर आणि रुंद-ते-सी केबल राखून ठेवा. वस्तू दुरुस्तीला टाकू नका.

दीडशे रुपयांच्या चार्जरमध्ये काय नसतं?

सॉकेटमधले २३० व्होल्ट चार्जरच्या पोटात गेल्यावर आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलतात. मधला छोटा ट्रान्सफॉर्मर ती बाजू आणि तुमच्या हातातल्या फोनची बाजू एकमेकींपासून तोडून ठेवतो. त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या इन्सुलेशनच्या पट्ट्या आणि सर्किट बोर्डवर दोन्ही बाजूंमध्ये सोडलेले काही मिलिमीटर, एवढंच काय ते ३२५ व्होल्ट आणि तुमच्यामध्ये उभं असतं. निनावी चार्जरमध्ये काटछाट नेमकी इथे होते: पट्ट्या कमी, अंतर मिलिमीटरभर, फ्यूज गायब. वजन भरावं म्हणून आत लोखंडाचा तुकडा घातलेले चार्जरही सापडतात. त्यामुळे 'हातात जड लागतो, म्हणजे चांगला' ही पारख आता कामाची नाही.

खराब चार्जर ओळखायच्या खुणा रोजच्या वापरात दिसतात. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप उड्या मारते किंवा टाइप केलेलं अक्षर भलतंच उमटतं, याचा अर्थ चार्जरची वीज अस्वच्छ आहे, तिच्यात तरंग आहेत. चार्जरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हात ठेवता येणार नाही इतका तापतो. धातूच्या फोनला हात लावल्यावर अगदी हलक्या मुंग्या येणं मात्र दोन पिनांच्या चांगल्या चार्जरलाही होऊ शकतं. आत गाळणीसाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून नाममात्र वीज झिरपते आणि पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं असताना ती जाणवते. चटका बसला तर गोष्ट वेगळी. तो चार्जर त्या क्षणी काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही.

घेताना काय बघायचं? भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ब्युरोची खूण, आयएस १३२५२ किंवा नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८-१ हा मानक क्रमांक, आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडे असतात. हा आर क्रमांक महत्त्वाचा. 'बीआयएस केअर' नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. नाव जुळलं नाही किंवा क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला, तर डबा परत द्या. नुसती खूण छापायला काय, प्रिंटर पुरतो.

चौघांच्या घरात सॅमसंग, आयफोन आणि सीवर चालणारा लॅपटॉप असेल तर प्रत्येकाला वेगळा चार्जर घेण्याऐवजी पीडी आणि पीपीएस दोन्ही असलेला ६५ वॅटचा दोन तोंडी चार्जर घ्या. त्यावर 'गॅन' लिहिलेलं असेल तर आत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडचे भाग आहेत. त्यामुळे तो आकाराने लहान असतो. दोन तोंडी चार्जरची एक खोड आधीच सांगून ठेवतो: दुसरं उपकरण लावलं की पहिल्याचं चार्जिंग क्षणभर तुटतं, कारण यादी नव्याने ठरते. ६५ चे मग ४५ आणि २० होतात. काही स्वस्त मॉडेलमध्ये दुसरी केबल लावताच दोन्ही तोंडं ५ व्होल्टवर येतात. डब्यावर ही वाटणी छापलेली असते, आणि छापलेली नसेल तर तो त्यातलाच समजा.

पण मग पर्यावरणाचं काय? आणि आपले पैसे?

युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा तिकडे वर्षाला ११,००० टन कचरा होतो. त्यामुळे डब्यातून चार्जर काढण्यामागचा विचारच ढोंगी आहे असं म्हणता येणार नाही. पण युरोपने तो कसा अमलात आणला ते बघा. २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे यांना टाइप-सी सक्तीचं केलं, लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. चार्जरसह विकणाऱ्याने तीच वस्तू चार्जरशिवायही उपलब्ध ठेवायची, डब्यावर चार्जर आत आहे की नाही याचं चित्र आणि किती वॅट लागतात ते छापायचं, असं ठरवलं. आधी तोंडं सारखी केली, मग चार्जर वेगळा केला. ॲपलने केलेला क्रम याच्या उलट होता. त्यांच्या फोनला टाइप-सी आलं २०२३ मध्ये, आयफोन १५ ला.

ब्राझीलने आणखी कडक भूमिका घेतली. फोन वापरायला जे लागतंच, ते वेगळं विकत घ्यायला लावणं ही ग्राहकावरची सक्ती आहे, असं म्हणत तिथल्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरशिवायचे आयफोन विकायला मनाई केली आणि सव्वा कोटी रिआलच्या आसपास दंड ठोठावला. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत टाइप-सी टप्प्याटप्प्याने आणण्यावर कंपन्यांची सहमती झाली आणि टाइप-सीचं भारतीय मानकही आलं. चार्जर डब्यात द्यायची सक्ती मात्र आपल्याकडे नाही.

किंमत कमी झाली का? आयफोन १२ भारतात ७९,९०० रुपयांना आला. १३, १४, १५ आणि १६ चीही सुरुवातीची किंमत तीच. मधे स्क्रीन, कॅमेरा, चिप सुधारली हे खरं, पण बिलावर 'चार्जर वजा' अशी ओळ कधी दिसली नाही. आणि सुटा घेतलेला चार्जर स्वतःच्या डब्यात, स्वतःच्या प्लॅस्टिकमध्ये, बऱ्याचदा स्वतंत्र कुरिअरने घोडबंदर रोडच्या एकविसाव्या मजल्यावर येतो, तेव्हा वाचलेला पुठ्ठा परत खर्ची पडतो. चार्जर नको असणाऱ्याला तो न देणं योग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो 'हवा की नको' हे न विचारण्याला. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एअरपॉड्स ४ च्या डब्यात तर केबलही नव्हती.

जाता जाता एक गैरसमज. चार्जर सॉकेटमध्ये लावून ठेवला तर महावितरणचं बिल फुगतं असं घरोघरी सांगितलं जातं. फोन जोडलेला नसताना आजचा चांगला चार्जर ०.१ वॅटपेक्षाही कमी वीज घेतो, म्हणजे वर्षभर लावून ठेवला तरी एक युनिटही पुरतं होत नाही. बटण बंद करा, पण ते वादळात येणाऱ्या विजेच्या झटक्यापासून चार्जर वाचावा म्हणून.

फसवणूक झाली तर

डब्यावर 'चार्जर समाविष्ट नाही' असं लिहिलेलं असेल तर त्यावरून तक्रार टिकणं अवघड. पण जाहिरातीत किंवा वेबसाइटवर चार्जर दाखवून दिला नाही, बनावट आर क्रमांकाचा विकला, किंवा त्याने फोन जाळला, तर केस उभी राहते. डब्याचे सगळ्या बाजूंचे फोटो, बिल आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. पहिली पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही सुटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.

ड्रॉवर उपसताना

घरातले सगळे चार्जर एकदा जेवणाच्या टेबलावर काढा. ज्यांचं लेबल वाचता येत नाही, ज्यांच्या पिना हलतात, जे काळवंडलेत ते एका बाजूला. पीडीवाले फोनना ठेवा, घराण्याचे त्या त्या फोनला ठेवा, रुंद तोंडाचे एक-दोन ट्रिमर आणि टॉर्चसाठी. बाकी चालू असलेले सोसायटीत कुणाला हवे असतील तर देऊन टाका. चार्जर कोणत्या फोनचा, किती वॅटचा हे पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून त्याच्या पाठीवर लावलंत तर पुढच्या वेळी लेबलचा फोटो काढावा लागणार नाही.

टाकायचे ते सुक्या कचऱ्यात घालू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार विकलेल्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. मोठ्या ब्रँडची सेवा केंद्रं किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतले अधिकृत संकलक जुने चार्जर घेतात. देण्याआधी बिघडलेल्या चार्जरवर मार्करने मोठी फुली मारा आणि चिकटलेली वायर असेल तर ती मधोमध कापा. नाहीतर पुसूनबिसून तोच चार्जर पुन्हा पुलाखालच्या ठेल्यावर दीडशे रुपयांना उभा असतो.